ट्रॅक्टरची जुंपणी

बैल जुंपण्याचें काम ज्यानें जवळून पाहिलें आहे त्यास एक गोष्ट ठाऊक असते. शिकलेला बैल जूं पाहतांच आपण होऊन मान पुढें करतो. गाडीवानानें जूं उचलून धरावें, बैलानें त्याखालीं शिरावें, मग शिवळा घालून जोतीं बांधलीं कीं काम संपलें. पहांटेच्या अंधारांतहि तें होतें, कारण अर्धें काम बैलच करीत असतो. ट्रॅक्टर हा बैलाच्या जागीं आला खरा. पण त्यास मान पुढें करतां येत नाहीं. तो जेथें उभा केला तेथें उभा राहतो, आणि चारशें किलोंहून जड असें अवजार जेथें ठेवलें तेथें पडून राहतें. ह्या दोन मुक्या वस्तूंमध्यें जें चारसहा बोटांचें अंतर उरतें तें भरून काढण्याचा भार माणसाच्या पाठीवर, मनगटावर आणि कित्येकदां त्याच्या जिवावर येऊन पडतो.

शहरांत राहणाऱ्या कुटुंबांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. पण महाराष्ट्रांतील शहरी घरांपैकीं पुष्कळांचा एक पाय अद्यापि गांवांत आहे. कोणाची वडिलार्जित जमीन भाऊ कसतो. कोणाचीं मुलें सुटींत मामाच्या गांवीं जाऊन शेतांत हुंदडतात. त्या शेतांत हल्लीं ट्रॅक्टर दिसतो आणि पुष्कळ वेळां त्याच्या पाठीशीं गरगर फिरणारा एक दांडा असतो. तो दांडा काय करतो, तो जोडणें कठीण कां जातें, आणि तें काम सोपें केल्यानें श्रमांबरोबर हातपायहि कसे वाचतात, हें समजून घेणें अशा प्रत्येक घरास उपयोगाचें आहे.

ट्रॅक्टर आपली शक्ति अवजारास दोन मार्गांनीं देतो. पहिला मार्ग ओढण्याचा. नांगर, कुळव, ट्रॉली हीं नुसतीं ओढलीं जातात. दुसरा मार्ग फिरविण्याचा. रोटाव्हेटरचीं पातीं जमिनींत फिरलीं पाहिजेत, मळणीयंत्राचा ड्रम कणसांवर फिरला पाहिजे, नाशिककडील द्राक्षांच्या बागेंत औषध फवारणाऱ्या यंत्राचा पंप आणि पंखा फिरला पाहिजे. हें फिरणें ट्रॅक्टरच्या एंजिनाकडूनच घेतलें जातें. त्यासाठीं ट्रॅक्टरच्या मागच्या अंगास, दोन मोठ्या चाकांच्या मध्यें, लांबट खाचा पाडलेला एक आंखूड दांडा बाहेर आलेला असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास पीटीओ म्हणतात, आणि खेड्यांतहि हेंच नांव रूढ झालें आहे. शक्ति बाहेर काढून घेण्याची जागा, असा त्या नांवाचा भावार्थ आहे. पीटीओ आणि अवजार यांच्यामध्यें एक लांब, लवचीक सांध्यांचा दांडा बसवावा लागतो. त्यास शेतकरी शाफ्ट म्हणतात. आजच्या विवेचनाचा नायक हा शाफ्टच होय.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. पूर्वींच्या कापणीयंत्रास फिरण्याची गति त्याच्या स्वतःच्या चाकाकडून मिळे. यंत्र ओढलें कीं चाक फिरे आणि चाकाबरोबर आंतील सर्व कारभार फिरे. जमीन ओली असली म्हणजे मात्र चाक न फिरतां घसरत जाई आणि कापणी तेथेंच थांबे. १९०६ मध्यें आल्बेर गुझी ह्या फ्रेंच यंत्रज्ञानें ट्रॅक्टरच्या एंजिनाकडूनच कापणीयंत्र फिरवून दाखविलें. अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे एंजिनिअर एडवर्ड जॉन्स्टन यांच्या मनांत ती कल्पना भरली, आणि १९१८ च्या सुमारास त्या कंपनीनें पीटीओ असलेला ट्रॅक्टर बाजारांत आणला. ह्याच कंपनीच्या सहकार्यानें १९६३ मध्यें महिंद्र यांनीं मुंबईस ट्रॅक्टरचा उद्योग उभारला आणि कांदिवलीस ट्रॅक्टर तयार होऊं लागले, हा आपल्याकडील धागा येथें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

नव्या सोयीबरोबर नवी अडचण येतेच. प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीप्रमाणें पीटीओची जाडी, उंची, गति आणि फिरण्याची दिशा ठरवूं लागला, तर एकाचें अवजार दुसऱ्याच्या ट्रॅक्टरास कसें बसावें? अखेर एप्रिल १९२५ मध्यें अमेरिकेंतील कृषि-एंजिनिअरांच्या संस्थेनें एक नियम ठरविला. पीटीओनें मिनिटास ५३६ फेरे घ्यावे, त्यांत दहांचा फरक चालेल, आणि ट्रॅक्टरच्या मागें उभें राहून पाहतां तो घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरावा. पुढें हाच आंकडा ५४० करण्यांत आला आणि तो आजहि चालू आहे. ह्या जातीच्या पीटीओची जाडी सुमारें ३५ मिलिमीटर असून त्यावर सहा खाचा असतात. मोठ्या शक्तीच्या कामासाठीं पुढें १००० फेऱ्यांची दुसरी जात निघाली. तिची जाडी तेवढीच ठेवून खाचा मात्र २१ केल्या. हा फरक बुद्धिपुरस्सर केलेला आहे. ५४० फेऱ्यांसाठीं बांधलेलें अवजार चुकून १००० फेऱ्यांच्या पीटीओवर चढविलें तर त्याचे तुकडे उडतील. म्हणून तें तेथें बसूंच नये अशी ही योजना आहे. जें योग्य तें सहज जुळावें आणि जें अयोग्य तें जुळूंच नये, हें चांगल्या जोडणीचें पहिलें तत्त्व ह्या जुन्या नियमांत स्पष्ट दिसून येतें.

दुसरी मोठी सुधारणा हॅरी फर्ग्युसन यांची. आयर्लंडमधील डाऊन परगण्यांत १८८४ मध्यें जन्मलेल्या ह्या गृहस्थांनीं अवजार ट्रॅक्टरच्या मागें दोरीस बांधल्यासारखें ओढण्याची रीति सोडून दिली. त्यांनीं ट्रॅक्टरास मागें तीन हात बसविले. दोन खालीं आणि एक मध्यें वर. ह्या तीन हातांनीं धरलेलें अवजार ट्रॅक्टरचाच एक अवयव बनतें. तेलाच्या दाबानें चालणाऱ्या हायड्रॉलिकच्या साह्यानें खालचे दोन हात वर उचलले कीं अवजार जमिनींतून सुटून अधांतरीं राहतें. १९३६ मध्यें त्यांचा ट्रॅक्टर विक्रीस निघाला, १९३८ मध्यें हेन्री फोर्ड यांच्याशीं त्यांचा तोंडी करार झाला, आणि १९३९ मध्यें ही रचना असलेला फोर्डचा ट्रॅक्टर अमेरिकेंत येऊन थडकला. आज कोणत्याहि गांवांतील ट्रॅक्टर पाहिला तरी मागें हे तीन हात आढळतात. वरच्या हातास आपल्याकडे टॉप लिंक म्हणतात.

म्हणजे रोटाव्हेटरसारखें अवजार जोडावयाचें तर एकूण चार ठिकाणें जुळावीं लागतात. खालचा डावा हात, खालचा उजवा हात, टॉप लिंक आणि शाफ्ट. पहिल्या तिहींत गोल छिद्रांतून पिन जावी लागते. चौथ्यांत खाचांत खाच बसावी लागते. सुईंत दोरा ओंवण्याचें काम ज्या गृहिणींनीं केलें आहे त्यांस ह्याची कल्पना सहज येईल. फरक एवढाच कीं येथें सुई हलत नाहीं, दोरा दहाबारा किलोंचा किंवा त्याहूनहि जड असतो, आणि ओंवणारास मोठ्या चाकांच्या आणि लोखंडी पात्यांच्या मधल्या बोळांत वांकून उभें राहावें लागतें.

शाफ्टची घडण पाहिली म्हणजे अडचणीचें मूळ कळतें. त्याच्या दोन्ही टोकांस एकेक लवचीक सांधा असतो. अधिकाच्या चिन्हासारखा एक लोखंडी तुकडा दोन चिमट्यांत धरलेला असतो. शेतकरी त्यास क्रॉस म्हणतात. ह्या सांध्याशीं सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्दानो आणि सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांचीं नांवें जोडलेलीं आहेत. सांध्यामुळें दांडा तिरपा असतांहि फिरूं शकतो. पण त्यांत एक गोम आहे. सांधा वांकडा असतांना अलीकडचा भाग एकसारख्या गतीनें फिरला तरी पलीकडचा भाग प्रत्येक फेऱ्यांत दोनदां जलद आणि दोनदां मंद होतो. ३० अंशांच्या कोनांत ५४० फेऱ्यांची गति क्षणांत ४६८ पर्यंत उतरते आणि क्षणांत ६२४ पर्यंत चढते. आणि हा हेलकावा सेकंदास अठरा वेळां होतो. ह्यावर उपाय म्हणून दुसऱ्या टोकास तसाच सांधा बसवितात. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असले आणि त्यांचे मधले चिमटे एका रेषेंत असले तर एकाचा हेलकावा दुसरा फेडून टाकतो. चिमटे वांकडेतिकडे बसविले तर यंत्र थरथरूं लागतें, क्रॉस झिजतो, आणि शेतकरी दोष देतो तो मात्र यंत्राच्या कारखान्यास.

शाफ्टचा मधला भाग एकांत एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. अवजार वरखालीं झालें कीं दोहोंमधील अंतर कमीजास्त होतें, म्हणून दुर्बिणीप्रमाणें तो लांबआंखूड होणें अवश्य असतें. ह्या नळ्यांत माती गेली किंवा ग्रीस वाळलें म्हणजे त्या एकमेकींस घट्ट धरून बसतात. मग शाफ्ट मागें रेटून पीटीओवर चढवितां येत नाहीं. शिवाय पीटीओच्या खाचा आणि शाफ्टच्या खाचा समोरासमोर येईपर्यंत तो आंत शिरत नाहीं, आणि आंत शिरल्यावर त्यास अडकविणारी खिट्टी गंजलेली असली तर ती दाबली जात नाहीं. एका हातानें जड दांडा तोलावयाचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानें खिट्टी दाबावयाची आणि गुडघ्यानें रेटावयाचें, असा प्रसंग रोज अनेकांवर येतो. पुष्कळ जण अशा वेळीं हातोडा उचलतात. हातोड्यानें खाचांचे कांठ दबतात आणि उद्यांची जोडणी आजच्यापेक्षां कठीण होऊन बसते.

आतां ह्या अडचणीचा खरा परिणाम पाहावयाचा आहे. जें काम कठीण असतें तें मनुष्य टाळतो, आणि टाळतां येत नसेल तर त्यांतील एखादी पायरी गाळतो. शाफ्टवर प्लास्टिकची एक स्थिर नळी असते. आंतील दांडा फिरतो पण नळी फिरूं नये म्हणून ती सांखळीनें बांधलेली असते. पीटीओवरहि पत्र्याचें झांकण असतें. जोडतांना हात आंत जात नाहीं म्हणून प्रथम तें झांकण निघतें. मग नळी फुटते आणि नवी कोणी बसवीत नाहीं. खाचा जुळत नाहींत म्हणून कोणी एंजिन चालूं ठेवून पीटीओ जरासा फिरवूं पाहतो. पुन्हां जोडण्याची कटकट नको म्हणून कोणी शाफ्ट न काढतांच अवजारांत हात घालून अडकलेला पाला ओढूं लागतो. जोडणीचा त्रास असा एक एक करून सर्व संरक्षणें काढून टाकतो.

उघडा शाफ्ट म्हणजे काय हें साध्या गणितानें कळेल. ५४० फेरे मिनिटास म्हणजे नऊ फेरे सेकंदास. ३५ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा घेर सुमारें ११ सेंटिमीटर. म्हणजे पदराचें टोंक, धोतराचा सोगा किंवा उपरण्याची दशी त्यास लागली तर एका सेकंदांत जवळ जवळ एक मीटर कापड त्यावर गुंडाळलें जाईल. सांध्यापाशीं घेर अधिक, म्हणून तेथें वेगहि अधिक. माणसास धोका कळून हात हलेपर्यंत अर्धा सेकंद तरी जातो. तेवढ्यांत शाफ्टचे चारपांच फेरे होऊन गेलेले असतात. ज्याचा हात गेला तो बेसावध होता असें लोक म्हणतात. पण नऊ फेऱ्यांपुढें सावधपणा पुरा पडत नाहीं. त्यापुढें पुरा पडतो तो बंद एंजिनाचा नियम आणि जागेवर असलेलें झांकण. शेती व ग्रामीण भागांतील धोक्याच्या यंत्रांवर नियंत्रण ठेवण्यासाठीं भारतांत १९८३ मध्यें एक स्वतंत्र कायदा झाला, ही गोष्ट ह्या संकटाचें गांभीर्य दाखविण्यास पुरेशी आहे. मात्र कायदा प्रत्येक बांधावर उभा राहूं शकत नाहीं. जोडणी जर सोपी असेल तर झांकण काढण्याचा मोहच होणार नाहीं.

म्हणून सोपेपणाचे उपाय पाहूं गेल्यास प्रथम बिनपैशाचे उपाय पाहावे. सर्वांत मोठा उपाय अवजार ठेवण्याच्या जागेचा. काम संपल्यावर अवजार कोठेंहि उतारावर सोडून दिलें तर दुसऱ्या दिवशीं तें वांकडें बसलेलें असतें. टणक, सपाट जागीं, आपल्या पायांवर नीट टेकवून ठेवलेलें अवजार निम्मी जोडणी आगाऊच करून ठेवतें. शाफ्ट मातींत टाकूं नये; अवजारावर त्यासाठीं आंकडा किंवा सांखळी असते, तीवर तो टांगावा. नळ्यांस आणि क्रॉसांस वेळच्या वेळीं ग्रीस द्यावें. पीटीओवरचें टोपण काम नसतांना लावून ठेवावें, म्हणजे खाचांत माती जात नाहीं.

मग क्रम. ट्रॅक्टर सरळ रेषेंत, सावकाश मागें आणावा. तो मागें येत असतांना ट्रॅक्टर आणि अवजार यांच्या मध्यें कोणींहि उभें राहूं नये. खुणा करावयाच्या तर बाजूस, चालकास दिसेल अशा जागीं उभें राहून कराव्या. खालचे हात पिनांच्या उंचीस आले कीं ट्रॅक्टर थांबवावा, हातब्रेक ओढावा, पीटीओ बंद करावा, एंजिन बंद करावें आणि चावी खिशांत घालावी. नंतर डावा हात प्रथम जोडावा, कारण पुष्कळ ट्रॅक्टरांत उजव्या हाताची उंची फिरकीनें कमीजास्त करतां येते. जो हलत नाहीं तो आधीं आणि जो हलतो तो मागाहून, हा साधा व्यवहार येथेंहि लागू आहे. त्यानंतर टॉप लिंक. तिच्या दोन टोकांस उलटसुलट आटे असतात, म्हणून मधली नळी फिरविली कीं ती लांब किंवा आंखूड होते आणि छिद्र छिद्राशीं येतें. हातांच्या बाजूच्या सांखळ्या जोडतांना सैल असाव्या आणि जोडून झाल्यावर आवळाव्या.

शाफ्ट शेवटीं. तो पीटीओशीं टेकवून खाचा जुळल्या नाहींत तर अवजाराच्या बाजूनें तो हातानें किंचित् फिरवावा. सहा खाचा असल्यानें एका फेऱ्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आंत त्या कोठें तरी जुळतातच. खिट्टी दाबून शाफ्ट आंत सरकवावा आणि खिट्टी खट्कन् बाहेर आल्याचा आवाज ऐकावा. मग शाफ्ट दोन्ही हातांनीं आपणाकडे ओढून पाहावा. हा शेवटचा झटका फार महत्त्वाचा आहे. अर्धवट बसलेला शाफ्ट काम चालूं असतांना निसटला तर तो लोखंडाच्या गदेप्रमाणें आपटत सुटतो. शेवटीं नळीची सांखळी बांधून झांकण जागेवर बसवावें. सोडतांना हाच क्रम उलटा. अवजार जमिनीवर टेकवून, एंजिन बंद करून, प्रथम शाफ्ट काढावा.

आतां पैशाचे उपाय. पहिला म्हणजे झटपट जोडणीची चौकट. ही चौकट ट्रॅक्टरच्या तिन्ही हातांस एकदां बसवून ठेवतात. तिच्या वर एक आणि खालीं दोन असे आंकडे असतात. चालकानें बसल्या जागेवरून ट्रॅक्टर मागें घ्यावा, चौकट अवजाराच्या पिनांखालीं आणावी आणि हायड्रॉलिकनें वर उचलावी. पिना आंकड्यांत बसतात आणि खटके लागतात. दुसऱ्या एका जातींत चौकट त्रिकोणी असते आणि अवजारावर तिचाच जोडीदार पोकळ त्रिकोण बसविलेला असतो. वर निमुळता व खालीं रुंद असल्यानें तो थोड्या वांकड्या स्थितींतहि आपोआप मध्यावर येतो. कांहीं ट्रॅक्टरांत खालच्या हातांच्या टोकांसच उघड्या तोंडाचे आंकडे असतात. ह्या सर्वांचा मोठा गुण हा कीं हात जुळवितांना माणसास त्या अरुंद बोळांत शिरावें लागत नाहीं. मात्र अवजारांचीं मापें चौकटीशीं जुळलीं पाहिजेत. लहान आणि मध्यम ट्रॅक्टरांच्या दोन वर्गांत खालच्या पिनेची जाडी अनुक्रमें सुमारें २२ आणि २८ मिलिमीटर असते. लहान पिनेवर पोकळ लोखंडी बुश घालून ती मोठीच्या मापाची करतां येते, पण दोन पिनांमधील रुंदीचा फरक बुशानें भरून निघत नाहीं.

दुसरा उपाय शाफ्टसाठीं आहे. ह्या जोडाचे दोन भाग असतात. एक भाग पीटीओवर कायमचा बसवितात, दुसरा शाफ्टच्या टोकास. एकाचें तोंड निमुळतें, दुसऱ्याचें पसरट; त्यामुळें बारीक खाचा डोळ्यांनीं जुळवीत बसावें लागत नाहीं, तोंडाशीं तोंड लावून रेटलें कीं ते एकमेकांत उतरतात आणि कडें सरकून अडकतें. खाचांचें नाजूक काम एकदांच, निवांतपणें केलेलें असतें. रोजचें काम फक्त ढोबळ भागांचें राहतें. तिसरा लहानसा उपाय म्हणजे खिट्टीच्या ऐवजीं सरकतें कडें असलेला शाफ्ट. खिट्टी अंगठ्यानें एकाच बाजूनें दाबावी लागते, कडें मात्र दोन्ही हातांनीं कोठूनहि मागें ओढतां येतें.

ह्या दोन्ही उपायांत एक सूक्ष्म धोका आहे आणि तो सांगितल्याखेरीज हें विवेचन पुरें होणार नाहीं. चौकट बसविली कीं अवजार कांहीं इंच मागें जातें. उलट नवा जोड बसविला कीं शाफ्टची लांबी कांहीं इंच वाढते. शाफ्ट फार लांब झाला तर अवजार वर उचलतांना त्याच्या नळ्या पूर्ण मिटून आंत टेकतात आणि मग तो पहारेप्रमाणें ट्रॅक्टरच्या किंवा रोटाव्हेटरच्या पेटींत घुसूं पाहतो, बेअरिंगें फुटतात. फार आंखूड झाला तर दोन नळ्या एकमेकींत पुरेशा राहत नाहींत आणि काम चालूं असतां निसटतात. यासाठीं मोजमापाचा नियम असा आहे. अवजार सावकाश वरखालीं करून शाफ्टची सर्वांत आंखूड आणि सर्वांत लांब स्थिति पाहावी. आंखूड स्थितींत आंत सुमारें एक इंच जागा शिल्लक असावी. लांब स्थितींत नळ्या एकतृतीयांश तरी एकमेकींत असाव्या. शाफ्ट कापावयाचा झाला तर आंतली व बाहेरची नळी आणि वरचें प्लास्टिक हीं सारख्या मापानें कापावीं, कांठ घांसून गुळगुळीत करावे आणि ग्रीस लावावें. शाफ्टची लांबी बेताची असली तरी रोटाव्हेटर वर उचलण्यापूर्वीं पीटीओ बंद करणें इष्ट, कारण उचललेल्या स्थितींत सांध्यांचा कोन फार वाढतो.

हा खर्च शेतकऱ्यानें करावा कीं नाहीं, हा प्रश्न उरतो. ज्याचें एकच अवजार हंगामभर जोडलेलें राहतें त्यास चौकटीची गरज नाहीं. ग्रीस, सपाट जागा आणि योग्य क्रम एवढ्यानें त्याचें भागेल. पण आपल्याकडे भाड्यानें कामें करणारे ट्रॅक्टरवाले सकाळीं एकाच्या शेतांत रोटाव्हेटर, दुपारीं दुसऱ्याची ट्रॉली आणि संध्याकाळीं तिसऱ्याच्या खळ्यावर मळणीयंत्र अशी धांवपळ करतात. पाऊस तोंडावर आलेला असतो, शेतकरी बांधावर उभा राहून घाई करीत असतो, आणि अंधार पडत चाललेला असतो. नेमक्या ह्याच घडीस पायऱ्या गाळल्या जातात. अशा मनुष्यास झटपट जोडणीचें साधन ही चैन नव्हे. तो त्याच्या हाताचा विमा आहे. गांवांतील गटानें किंवा भाऊबंदांनीं मिळून अवजारें घेतलीं तर तीं सर्व एकाच मापाचीं पाहून घ्यावीं, एवढी दूरदृष्टि बिनखर्चाची आहे.

आणि शहरांतील घरानेंहि आपला वांटा उचलावा. गांवच्या शेतासाठीं पैसे पाठवितांना ट्रॅक्टरच्या हप्त्याची चौकशी सर्व जण करतात. शाफ्टवरची फुटलेली नळी बदलली कीं नाहीं, हेंहि एकदां विचारावें. ट्रॅक्टरच्या तुलनेनें तिची किंमत अगदीं क्षुल्लक असते. सुटींत गांवीं जाणाऱ्या मुलांस विहिरीपाशीं जाऊं नको असें सांगण्याची आपली जुनी रीति आहे. त्याच श्वासांत फिरत्या शाफ्टपाशीं जाऊं नको, तो ओलांडूं नको, हेंहि सांगावें. बैल जुंपतांना धनी त्याच्या मानेवरून हात फिरवून मगच जूं ठेवीत असे. यंत्रास त्या हाताची गरज नाहीं. पण एंजिन बंद करून, चावी खिशांत घालून, दोन क्षण थांबून मगच शाफ्टला हात लावणारा धनी संध्याकाळीं दोन्ही हातांनीं जेवावयास घरीं येतो.